पेज पाण्यात धरली नाय

चुकलीस तू आये. पेज म्हणजे पाणीच. आता मान वळवून चुलीत फुंकर घालत बसू नकोस, ऐक. तू काय म्हणणार ते मला पाठ आहे. म्हणशील, कॉलेजात गेली नि अन्नाला पाणी म्हणायला शिकली. म्हण. मी ती पेज स्वतः बाटलीत ओतून बघितलीय, तुझ्या नवऱ्याला दाखवलीय, आणि त्या दिवसापासून तुझ्याशी भांडतेय. भाकरी थापताना, एसटीत, मोरीवर भांडी घासताना. मनातल्या मनात भांडून तू ऐकत नायस, म्हणून आता लिहून भांडते.

तुला मधलं काहीच ठाऊक नाय, तेव्हा आधी ते सांगते. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. त्यानंतर घरात मी नि बाबा, आणि भिंतीला भिंत लावून आत्या, तिची म्हैस आणि तिचं तोंड. मी बी.ए. झाले. मुरबाडला एका दुकानात कॉम्प्युटरवर बसते आणि उरलेल्या वेळात लिहिते. काय लिहिते ते विचारू नकोस, कुणालाच फारसं कळत नाय. मागं एक गोष्ट लिहिली, तिच्यात एकही क्रियापद ठेवलं नाय. बाबांना वाचून दाखवली. ते ओटीवर पाय पसरून शेवटपर्यंत ऐकत बसले आणि म्हणाले, "कालवण बरं हाय. मीठ टाकायला इसरलीस." तेव्हा त्यांचं मीठ अजून बंद झालं नव्हतं, म्हणून आमी दोघं हसलो.

बाबांना बीपी होता. गोळ्या दिलेल्या, पण काही दुखत नाय तर गोळी कशाला, या हिशोबानं त्या फळीवर पडून राहिल्या. मग एका उन्हाळ्यात त्यांची भूक गेली, तोंड सुजलं, चपला पायात जाईनात, आणि तपासल्यावर कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. किडनी म्हणजे घरातल्या मोरीचं भोक समज. ते बुजलं की वापरलेलं पाणी घरातच राहतं. आता आठवड्यातून दोनदा आमी शहापूरला जातो. टोकावड्यावरून सरळगाव, तिथून किन्हवलीच्या रस्त्यानं शहापूर. तिथं त्यांच्या हातातून रक्त काढून मशीनमध्ये धुतात नि परत हातात सोडतात, साचलेलं पाणी काढून घेतात. सगळी दुपार जाते. दुखत नाय फारसं. बाबा म्हणतात, माणसानं माणसाला घाण्याला जुंपलंय नि घाणाच फिरतोय, माणूस निजलेला.

डॉक्टरांनी सांगितलं की आता पाणी मोजून. दिवसाला एक लिटरची बाटली, त्यातच चहा, त्यातच गोळीबरोबरचा घोट. मीठ जवळजवळ नाय. सुकट नाय, लोणचं नाय, पापड नाय. केळं नाय, नारळपाणी नाय. पालेभाजी करायचीच तर बारीक चिरून कोमट पाण्यात भिजत ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग उकडायची, ते पण पाणी फेकायचं. तू असतीस तर विचारलं असतंस की मग भाजीच फेकली तर काय वाईट. भात मात्र चालेल म्हणाले. पांढरा भात, पोटभर. तेव्हा बाबांचं तोंड बघायला पाहिजे होतंस. शुगरवाल्यांचा भात जातो, आपला वाचला, असं ते येताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, बांधाची केस जिंकल्यासारखे.

आणि बाटली पाळली त्यांनी. ते तुला वेगळं सांगायला नको. भात कापून झाला की वालाला पाटाचं पाणी सोडायचं काम गाव याच माणसाकडे द्यायचं ना? का द्यायचं? तर हा स्वतःच्या भावाच्या शेताकडं जाणाऱ्या पाण्याचं दार पण वेळेवर बंद करतो म्हणून. भावानं वर्षभर अबोला धरला तरी करतो म्हणून. तोच माणूस आता ओटीवर बाटली घेऊन बसायचा. तहान लागली की बुचात ओतून प्यायचा. बाटलीच्या बुचात, आये. दुपारपर्यंत बाटली निम्म्यावर आली पाहिजे, खाली नाय, असं त्याचं स्वतःचंच पाट सोडणं चाललेलं.

भात वाचला म्हणजे पेज वाचली. यात विचार करण्यासारखं काही आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनात पण आलं नाय. उजाडायच्या आत जाडा तांदूळ भरपूर पाण्यात रटरटायला लावायचा, मऊ झाला की जर्मनचा वाडगा काठोकाठ भरून बाबांच्या पुढ्यात ठेवायचा. मीठ काढून टाकलं, तेवढं केलं. उरलेली संध्याकाळी परत. डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पिता, आमी खरं सांगितलं. सकाळी काय खाता विचारलं, ते पण खरं सांगितलं, की पेज. त्यांनी मान हलवली. मशीनवरचा टेक्निशियन सोलापूरकडचा, त्याच्या घरी सकाळी कडक भाकरी. पेज म्हणजे मऊ भात असेल असं त्याला वाटलं. कुणी कुणाला फसवलं नाय.

आणि मला कुणी शिकवलेलं? तू. मी सात-आठ वर्षांची असेन. वाडग्यात उरलेली पेज मी अंगणात भिरकावली, हात धुतलेलं पाणी भिरकावतात तशी. तू चिमटा घेऊन बाहेर आलीस, पण मारलं नायस. मातीवर पांढरी झालेली जागा दाखवलीस नि म्हणालीस, "पाणी असतं तर जिरलं असतं. हे बघ, हे वर राह्यलंय. अन्न हाय हे." कोंबड्या येऊन सगळं टिपून जाईपर्यंत मला तिथं उभी केलीस. मला अजून ती जागा आठवते, शेणानं सारवलेल्या अंगणात एखाद्या गावाच्या नकाशासारखी. आणि ते एकटं तुझंच म्हणणं थोडंच होतं? लावणीला माणसं यायची तेव्हा डोक्यावर टोप घेऊन तू बांधावरून येताना दिसलीस की ती म्हणायची, जेवण आलं. पाणी आलं असं कोण म्हणायचं? सिद्धगडाच्या पायथ्याला तुझं माहेर, तिथं तर तुमची नाचणीची आंबील घशाखाली गेल्याशिवाय कुणी डोंगराला पाय लावत नव्हतं. शेवटच्या तापात तू पाणी नको नको म्हणायचीस, मग बाबा चमच्या-चमच्यानं पेज घालायचे तुझ्या तोंडात, आणि बाहेर येऊन आत्याला सांगायचे, आज जेवली. मी दाराशी उभी होते. मी पण तेच ऐकलं. जेवली.

तर शहापूरला काय व्हायला लागलं की बाबांचं वजन दर खेपेला जास्त. मशीनवर घेण्याआधी काट्यावर उभं करतात, दोन खेपांमध्ये किती पाणी साचलं ते त्यावरून कळतं. पाय सुजलेले, जिना चढताना धाप, आणि आडवं झोपलं की छातीत भरून यायचं म्हणून उशा लावून बसून झोपणं. मशीननं जास्त पाणी ओढलं की मग पायात गोळे यायचे, माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा व्हायचा. टेक्निशियन चांगला होता, रागावायचा नाय, थट्टा करायचा. म्हणायचा, "काका, रात्री माठाशी गप्पा मारायला उठता वाटतं." सगळे बेडवाले हसायचे. पहिल्यांदा बाबा पण हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, बाटली घेतो फक्त. तिसऱ्यांदा पंख्याकडं बघत राहिले.

घरी आत्यानं काम हातात घेतलं. तिनं आमच्या घरातला माठ उचलून स्वतःच्या घरात नेला. मोरीतला हंडा पालथा घातला. म्हणाली, "लहानपणापासून याला चोरून खायची सवय हाय, गूळ कुठं ठेवला तरी काढायचा." बाबा साठीच्या पुढचे, आत्या त्यांच्याहून मोठी, आणि गुळाची चोरी पन्नास वर्षांपूर्वीची. मी आत्याला अडवलं नाय, कारण मला पण काही सुचत नव्हतं. वजन तर खोटं बोलत नाय. बाबा आंघोळीला गेले की आत्या बाहेरून ओरडायची, तांब्या तोंडाला लावू नको रे. आतून नुसतं पाणी पडल्याचा आवाज यायचा, तो पण आता कमी कमी.

मग एके दिवशी शहापूरहून आलो. बाबा ओटीवर बसले, चपला काढल्या, आणि मला हाक मारून अगदी सावकाश सांगितलं की आता जायचं नाय. मला वाटलं पुढच्या खेपेपुरतं म्हणतायत. मी म्हटलं बरं वाटत नसेल तर एक दिवस उशिरा जाऊ. ते म्हणाले, "एक दिवस नाय. जायचाच नाय. आजारानं मरंन, पाणीचोर म्हणून जगायचा नाय मला." आत्या पलीकडून म्हणाली की मंग नको चोरू. बाबांनी तिच्याकडं बघितलं पण नाय. हातातली बाटली, अर्धी भरलेली, त्यांनी माझ्या हातात दिली आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. आये, डायलिसिस सोडलेला माणूस किती टिकतो ते मी वाचलेलं होतं. त्यांना ते सांगायची गरज नव्हती, त्यांना पण ठाऊक होतं. शेजारच्या बेडवरचा एकजण मागं असाच येईनासा झाला, आणि त्या बेडवर आता दुसरा कुणी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेजेचा वाडगा ठेवला. हात लावला नाय त्यांनी. मी कामावर गेले नाय. घरात उगाच वस्तू उचलून दुसरीकडं ठेवत राहिले. दुपारी वाडगा उचलायला गेले तर तो तसाच होता, थंड, वर पातळ साय धरलेली. ती बोटानं बाजूला केली नि खाली बघितलं. भात तळाला बसलेला. फार नाय, दोन मुठी. आणि त्याच्यावर नुसतं निवळ, जरा पांढुरकं पाणी, वाडग्याच्या काठापर्यंत. वरच्या कौलाच्या काचेतून उजेड त्याच्यात उतरलेला. रोज गरम, ढवळलेली पेज बघणाऱ्याला हे कधी दिसत नाय. ती तशी राहतच नाय, आपण पिऊन टाकतो.

मी बाबांची बाटली आणली, रिकामी केली, गाळणं लावलं आणि वरचं ओतलं. बाटली निम्म्याच्या वर भरली. एका सकाळची. संध्याकाळची वेगळी.

मी ती आणि गाळणं घेऊन त्यांच्या उशाशी बसले. ते उठून बसले, धाप लागली. बाटलीकडं बघितलं, मग गाळण्यातल्या भाताकडं. मी म्हटलं बाबा, तुमी चोरलं नाय काही, हे आमीच दिलं. ते म्हणाले, "ही पेज हाय." मी म्हटलं हे पाणी आहे. "पेज हाय गो ती." आवाज चढला नाय त्यांचा, लहान पोरीला समजवावं तसा होता. मी परत म्हटलं की पोटात गेल्यावर किडनीला पेज आणि पाणी वेगळं कळत नाय. आणि मग ते म्हणाले, "मंग तुझ्या आईनं जन्मभर मला पाणीच पाजलं का?"

याचं उत्तर तूच द्यायला हवं होतंस. तू नव्हतीस. आत्या होती, दारात उभी, तिनं सगळं ऐकलेलं. आणि तुला आश्चर्य वाटेल, ती तुझ्या बाजूनं भांडायला उभी राहिली. महाशिवरात्रीला पाणी पितात का, मला विचारलं. मी म्हटलं पितात. पेज पितात का? नाय पीत. "का नाय पीत? उपास मोडतो. मंग महादेवाला कळत नाय नि तुझ्या डॉक्टरला कळतं?" देवानं पण पेज पाण्यात धरलेली नाय. मी इतकंच म्हटलं की आत्या, महादेवाला वजनकाट्यावर उभं राहायचं नसतं. बाबा हसले. उशीला टेकले आणि त्यांचं पोट हलत राहिलं. धाप लागली तरी हसत होते. मग म्हणाले, उद्या जाऊ. मशीनसाठी नाय. त्या सोलापूरवाल्याला सांगायला.

आणि सांगितलं. बेडवर आडवे पण झाले नव्हते, उभ्या-उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी पाणी नाय प्यायचो. पेज प्यायचो." टेक्निशियननं विचारलं, पेज म्हणजे नक्की काय. मी सांगितलं, केवढ्या पाण्यात केवढा भात, ते हातानं दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला. म्हणाला, काका, आधी सांगायचं ना. बाबा म्हणाले, "इचारलंस का?" मग तो खुर्ची ओढून बाबांच्या जवळ बसला आणि चुकलो म्हणाला, सरळ. बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. आणि तेवढ्यात पलीकडच्या बेडवरची म्हातारी, आटगावकडची, जी कधी कुणाशी बोलायची नाय, तिनं मान उचलून विचारलं, "आंबील पण?" टेक्निशियन म्हणाला, आजी, पातळ असेल ते सगळं. तिनं मान परत उशीवर टेकवली. मग कोपऱ्यातल्या एकानं कढीचं विचारलं. एका बाईनं डाळीच्या वरच्या पाण्याचं. एकजण म्हणाला, सार तर आमी औषध म्हणून देतो. असं एकेकानं स्वतःचा वाडगा पुढं केल्यासारखं चाललं होतं, आणि टेक्निशियन प्रत्येकाला हो म्हणत होता. पुढच्या वेळी यांतल्या बऱ्याच जणांचे पाय कमी सुजलेले असणार हे मला कळत होतं. तरी त्या खोलीत कुणाचं काहीतरी गेलं होतं, ते पण कळत होतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुझ्याशी भांडले नसते. बाबांची सूज उतरली. ते आडवे झोपायला लागले. आत्यानं माठ परत आणून ठेवला, वर फुलपात्र पालथं घालून. पण पेज बंद झाली आणि बाबांचं पोट भरेना. भात होता, भाजी होती, पाणी फेकून-फेकून चोथा झालेली. ते जेवायचे, हात धुवायचे, आणि परत स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचे. काय हवं विचारलं तर काही नाय म्हणायचे. एकदा म्हणाले, "जेवलो गो. पण जेवण बसत नाय. कोरडं खालेलं वरच राहतं." मग हळूहळू ताटात उरायला लागलं. मशीनवर जाणाऱ्यानं कमी खाऊन चालत नाय, अंगातली ताकद त्या रक्ताबरोबर जाते. डॉक्टर म्हणाले खायला घाला. मी म्हटलं घालते. काय घालते? जे चालतं त्यानं भूक भागत नव्हती, आणि जिनं भागत होती ती बाटलीत मावत नव्हती.

मग मी त्यांच्या ताटावर लिखाणासारखे प्रयोग करायला लागले. काय काढलं तर काय उरतं, ते बघायची मला खोडच आहे. मीठ काढलं, तर लसूण ठेचून जास्त. त्यावर लिंबाचे चार थेंब, जास्त नाय. अंड्यातलं पांढरं, कांद्याबरोबर कोरडं परतून. तांदळाची भाकरी थापून झाल्यावर परत निखाऱ्यावर ठेवून कडक करायची, म्हणजे चावायला वेळ लागतो आणि चावता चावता पोटाला वाटतं काहीतरी चाललंय. बाबा ती खिशात घालून बांधावर जायला लागले, पोरं बिस्किट खातात तशी. एकदा हळदीच्या पानात पानगी केली, तांदळाच्या पिठाची, बिनमिठाची. तव्यावर पान करपलं नि वास सुटला. त्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि थांबले. मला वाटलं नाय आवडली. ते म्हणाले, "हिला वास हाय. वास असला की मिठाची आठवण येत नाय." आणखी एक मागितली. मी दुसरी करायला उठले ती बराच वेळ चुलीकडंच तोंड करून बसले, कारण किती दिवसांनी ते काहीतरी मागत होते.

पण सकाळ. उजाडायच्या आधी ते उठायचे आणि त्यांचे दोन्ही हात वाडग्यासाठी आपोआप पुढं यायचे. मी पेज निथळून नुसता गरम भात त्याच वाडग्यात द्यायचे. ते वाडगा तसाच दोन हातांत धरायचे, तोंडाशी न्यायचे, आणि मग आठवल्यासारखं खाली ठेवून बोटांनी खायचे. रोज. ती तोंडाशी न्यायची खोड जात नव्हती. एका सकाळी म्हणाले, तुझी आई शेवटी पेजेवरच होती ना. मी हो म्हटलं. "तिचं पोट भरायचं," म्हणाले. मला नाय म्हणायचं नव्हतं. मला ते ठाऊक पण नव्हतं. तूच सांग, भरायचं का? का तू त्यांना बरं वाटावं म्हणून गिळायचीस?

पुढच्या खेपेला मी टेक्निशियनला बाजूला घेतलं आणि विचारलं की मशीन चालू असताना, पाणी निघतच असतं तेव्हा, थोडी पेज दिली तर? त्याला मला नाय म्हणायचं होतं, ते दिसत होतं. मग तो डॉक्टरांकडे जाऊन आला आणि म्हणाला, सुरुवातीला, एक छोटी वाटी, बिनमिठाची, आणि मला दाखवून. मी तेवढं जास्त ओढून घेतो. तर आता आये, तुझी पेज आठवड्यातून दोनदा स्टीलच्या डब्यात शहापूरला जाते. मी डब्याला टॉवेल गुंडाळते, मांडीवर धरून बसते, किन्हवलीपर्यंत तिची ऊब पोटाला लागते. बाबा आडवे, एका हातात सुया, दुसऱ्या हातानं वाटी. एक घोट घेतात नि डोळे मिटतात. वाटी संपवायला अर्धा तास लावतात. पोट भरलं का विचारलं तर म्हणतात, नाय. पण जेवलो. आटगावची म्हातारी त्यांच्याकडं बघत असते. मागच्या वेळी तिच्या सुनेनं पण पिशवीतून छोटा डबा काढला, नाचणीचा वास आला, आणि टेक्निशियननं हात जोडले.

तर भांडण एवढंच होतं. पेज पाणी आहे हे मी तुझ्या नवऱ्याला पटवलं, तो त्यामुळं अजून आहे, ओटीवर कडक भाकरी चघळत आत्याला टोमणे मारतोय. आणि तरी तो जेवलो म्हणतो तेव्हा मला त्याला दुरुस्त करवत नाय.

एक सांगायचं राहिलं. रोज सकाळी त्यांच्या भातातून निथळलेली पेज टोपात उरते. ती कुठं जाते असं बाबांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, आत्याच्या म्हशीला घालते. ते बरं म्हणाले. आत्याच्या म्हशीनं तिचा थेंब बघितलेला नाय. मी ती परसात, शेवग्याच्या मागं उभी राहून पिते, गरम, टोपालाच तोंड लावून, कारण त्यांच्यासमोर पिता येत नाय आणि टाकता पण येत नाय. पोट भरतं माझं. मस्त भरतं. काल तशीच उभी होते तर आतून, खिडकीत न येताच, बाबा म्हणाले, "मीठ टाकून देत जा गो तिला. म्हशीनं का बिनमिठाची प्यायची?"

आता तू काहीतरी म्हणणार. रस्त्यावर जीप हॉर्न देतेय, बाबा पायरीवर चपला घालतायत, आणि डबा अजून टॉवेलात गुंडाळायचाय. निघते.